डांबरची घरछाप

चौतीस कुत्री माझ्या नावावर लागली तेव्हा मी आधी यंत्राकडे पाहिलं आणि मग ओजस डॉक्टरकडे.

“परत बघा,” मी म्हणाले.

“तीनदा बघितलं, शालनबाई. चौतीसच्या चौतीस. कुणी एकाहत्तर टक्के, कुणी अठ्ठ्याऐंशी. कागदोपत्री ही सगळी तुमच्या घरची.”

“माझ्या घरात मी एकटी राहते. सोबतीला फार तर एक पाल.”

“पालीचा नमुना घ्यायची तरतूद नाही,” तो गंभीरपणे म्हणाला.

सत्तावीस वर्षांचा मुलगा. जनावरांचा डॉक्टर, पूर ओसरेपर्यंत आमच्या वाकेवाडीच्या छावणीवर नेमलेला. हुशार होता, पण यंत्रानं उत्तर दिलं की त्याचं स्वतःचं डोकं सुट्टीवर जायचं. असे विद्यार्थी मी एकतीस वर्षं पाहिले. उत्तर पुस्तकाच्या मागं छापलंय, मग गणित कशाला करायचं!

छावणी माळावरच्या शाळेत होती. याच शाळेत मी विज्ञान शिकवलं. ज्या टेबलावर मी पोरांना कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवल्या, त्याच टेबलावर आता ते यंत्र ठेवलेलं, पोळपाटाएवढं, पांढरं. पूर काही आम्हाला नवा नाही. दोन हजार पाचचा पाहिला, एकोणीसचा पाहिला, त्यानंतरचे मोजायचंच सोडून दिलं. आता दोन हजार एकेचाळीस. पूर्वी पाणी आलं की वरच्या आळीत ज्याचं घर उंच, त्याच्याकडं सगळ्यांनी जायचं. पिठलंभात खायचा, चिखल काढायला परत यायचं. कुणी कुणाचं, हे विचारायला कुणी येत नव्हतं. आता विचारायला यंत्र आहे.

ते यंत्र काय करतं हे मला ओजसपेक्षा सोपं सांगता येईल. माणसाच्या कातडीवर अब्जावधी सूक्ष्मजीव नांदतात. प्रत्येकाची वस्ती निराळी. पण एका छपराखालची माणसं एकच टॉवेल वापरतात, एकाच सतरंजीवर बसतात, एकमेकांच्या ताटातलं उचलतात. हळूहळू त्यांच्या वस्त्या एकमेकींत मिसळतात आणि साऱ्या घराची मिळून एक छाप तयार होते. कुत्रा असेल तर तोही त्यात आला. तो तर सगळ्यांच्याच पायाशी लोळतो. तळहातावरून किंवा पंजावरून कापसाचा बोळा फिरवायचा, यंत्रात घालायचा, चाळीस मिनिटांत चिठ्ठी. साठ टक्क्यांवर जुळलं की एक घर. हिला घरछाप म्हणतात.

पुरात कागद वाहून जातात, फोन बुडतात, माणसं खोटं बोलतात. कातडी खोटं बोलत नाही, असं सरकारचं म्हणणं. म्हणून चार वर्षांपूर्वी कायदा झाला. छावणीतून घरी परतायचं तर घरछापेची चिठ्ठी हवी. चिठ्ठीत ज्याचं नाव तो त्या घरचा, माणूस असो की कुत्रा. जे कुत्रं एकवीस दिवसांत कुणाच्या चिठ्ठीत लागत नाही, त्याची रवानगी चारशे किलोमीटर लांबच्या श्वान-वसतीत. आणि पूररेषेतलं जे घर कुणाच्याच चिठ्ठीत येत नाही ते पाडायचं, जागा नदीला परत. कायदा वाईट नाही. फक्त तो करणाऱ्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही.

गोंधळ कसा झाला तेही सांगते. यंत्र येणार म्हटल्यावर छावणीच्या स्वयंपाकाची मुकादम शकू सगळ्या बायकांना म्हणाली, “सरकारचा मानूस येनार, आन् कुत्री बघा कशी चिखलानं भरल्यात. काय म्हनंल त्यो?” त्यातून बेंदूर पुरात गेलेला. सणाला बैल धुवायचे, रंगवायचे, ती हौस राहूनच गेली होती. गावात बैलजोड्या उरल्यात दोन. मग निघाली सगळी वरात सायकलींच्या शेडकडं. दवाखान्याकडून आलेला जंतुनाशक साबण होता पोतंभर. तो लावून लावून चौतीस कुत्री घासली. पोरींनी तर दोघांच्या कपाळाला हिंगूळ लावला.

मी त्या दिवशी तापानं पडून होते. नाहीतर एकेकीच्या हातातून साबण काढून घेतला असता.

त्या साबणानं कुत्र्यांच्या अंगावरची जुन्या घराची छाप पार धुऊन निघाली. पाटी कोरी. आणि कोऱ्या पाटीवर अक्षर उमटलं ते माझं. ताप उतरल्यापासून यंत्र येईपर्यंत दोन्ही वेळ त्यांना भाकरी मीच चारत होते, हातानं. त्यांच्या खाली पसरल्या होत्या त्याही माझ्याच जुन्या गोधड्या. त्यांच्या कातडीवर नव्यानं वस्तीला आले ते माझ्या हातावरचे रहिवासी.

“शकू,” मी तिला यंत्रासमोर उभी करून म्हणाले, “बघ काय केलंस.”

“काय केलं? स्वच्छता केली!” ती म्हणाली. “तुमीच शिकिवलं न्हवं का आमाला सातवीत, साबनानं जंतू मरत्यात म्हनून?”

उरलेला साबण मी कपाटात घालून कुलूप लावलं.

ओजसनं मार्ग काढला. माझ्या नावावरचं कुत्रं मी सही करून दुसऱ्याला देऊ शकत होते. घेणाऱ्यानंही सही करायची, की यापुढं हे माझ्या घरचं, याची जबाबदारी माझी. मला वाटलं, दोन तासांचं काम. चार दिवस गेले. सव्वीस जण आले, आपापलं कुत्रं गळ्याशी धरून घेऊन गेले, काही रडलेसुद्धा. पण गल्लीतली कुत्री? त्यांच्यासाठी सही करायला कुणी तयार होईना.

बाजीअण्णा शेटे माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “ह्यो आमचा न्हवं, बाई.” आणि ते तांबडं कुत्रं त्याच्या पायाचा अंगठा चाटत होतं.

“मग हा तुझ्या अंगठ्याला कसा ओळखतो?”

“आमच्या दारात नुस्ता जेवायचा. ऱ्हायला जोशांच्यात.”

जोशी म्हणाले, आमच्याकडं फक्त झोपायचा. दूध तांबोळ्यांकडं. तांबोळी म्हणाले, कुणाला चावला तर आमचं नाव नको. अख्ख्या आळीनं दहा वर्षं त्याला पोसलं आणि आता कागदावर त्याला घर नव्हतं. पूर्वी हीच तर रीत होती. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची. कुणाचं कुत्रं, असं कुणी म्हणायचंच नाही. आळीचं कुत्रं म्हटलं की झालं. या कायद्यात आळी नावाचा रकानाच नाही.

पण माझा खरा ताप निराळा होता. त्याचं नाव विमल.

विमल माझी धाकटी जाऊ. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक भिंत. दोघंही भाऊ गेले, आम्ही राहिलो. आणि गेली बावीस वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. कारण सांगते, लपवण्यासारखं काही नाही. एकोणीसच्या पुरात बोट दारात आली तेव्हा तिचा चंप्या नावाचा कुत्रा होता. बोटवाले म्हणाले, जनावर नको. मी विमलला म्हटलं, “बांधून ठेव. मोकळा सोडलास तर पोहत मागं येईल आणि वाहून जाईल. संध्याकाळपर्यंत परतू.” तिनं माझं ऐकलं. मी विज्ञानाची बाई ना, मला पाण्याचं कळतं असं तिला वाटायचं. आम्ही परतलो नवव्या दिवशी.

त्यानंतर ती बोलायची ती कुत्र्याशी. म्हणजे पुढं रस्त्याचं डांबरीकरण चालू असताना तिला काळंभोर पिल्लू सापडलं, त्याचं नाव डांबर. त्याच्याकडं तोंड करून ती म्हणायची, “डांबर, सांग तुझ्या मोठ्या आईला, नळ चालू राहिलाय.” मीही म्हणायची, “डांबर, तुझ्या आईला सांग, मला दिसतंय.” अशी आमची नऊ वर्षं बरी चालली होती. डांबर सकाळी तिच्याकडं जेवायचा, दुपारी माझ्याकडं, आणि दोन्हीकडं उपाशी असल्यासारखा बघायचा.

मागच्या साली विमल न्हाणीघरात पडली तर डांबर धावत माझ्या दारात आला. लुगड्याचा पदर दातात धरून ओढत नेलं मला. तिचा मुलगा सुजय पुण्याला असतो. तो तेव्हा म्हणाला होता, “आई, डांबर आहे म्हणून मी तुला इथं एकटीला ठेवतोय. तो नसला तर मी ऐकणार नाही.”

आणि आता डांबर माझ्या नावावर एकाहत्तर टक्के, तिच्याशी नऊ टक्के. कागदावर तो तिच्या घरचा नसला तर सुजय ऐकणार नव्हता.

बोटीतून उतरताना विमलचा पाय मोडलेला. वरच्या मजल्यावर सातवी ‘ब’च्या वर्गात प्लास्टर घालून पडून होती. कुत्र्यांना वर न्यायला बंदी. मी फॉर्म घेऊन गेले. ओजसला मध्ये उभं केलं, कारण मध्ये डांबर नव्हता.

“हिला सांग, इथं सही कर. डांबर तुझा,” मी म्हणाले.

विमल ओजसकडं बघत म्हणाली, “ह्यांना सांगा, डांबर माझाच आहे. माझं कुत्रं मला देणाऱ्या या कोण?”

“अगं, नियम आहे तो!”

“त्यांच्या सांगण्यावरनं एकदा एक कुत्रं घालवलंय मी. आता त्यांच्या सहीनं दुसरं नको. यंत्राला म्हणावं, माझं नाव लाव. मग घेईन.”

“परवा सुजय येतोय तुला न्यायला!” मी ओजसकडं न बघताच बोलले. “डांबर नाही तर घर नाही, कळतंय का तुला? पुण्यात अकराव्या मजल्यावर बसशील कबुतरं मोजत.”

“बसेन,” ती ओजसला म्हणाली. “कबुतरं सल्ले देत नाहीत.”

बाहेर आल्यावर ओजस घाम पुसत म्हणाला, “बाई, यांना काही झालंय का?”

“हट्ट झालाय. बावीस वर्षं जुना. लस निघाली नाही अजून.”

सुजयला मी फोन केला, दहा दिवस थांब म्हटलं. तो कुरकुरला, पण थांबला. मग ओजसशी बसून विचार केला. कोऱ्या पाटीवर माझं अक्षर उमटलं, तर ते पुसून विमलचंही उमटवता येईल. डांबर तिच्या सहवासात राहिला पाहिजे. तो वर जाऊ शकत नाही, ती खाली येऊ शकत नाही. पण गोधडी जाऊ-येऊ शकते.

मग सुरू झाली माझी पायपीट. सकाळी विमलच्या अंगाखालची गोधडी खाली न्यायची, डांबरच्या शेडात पसरायची. त्याच्या अंगाखालची दुपारी वर आणायची. भाकरी विमलनं अंथरुणावर बसून कुस्करायची, ती मी नेऊन त्याच्यापुढं ठेवायची. माझा हात लागू नये म्हणून ओजसनं रबरी हातमोजे दिले. शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी मी दिवसातून सहा वेळा जिना चढले. विमल रोज गोधडी नाकाशी धरायची, डोळे मिटायची, आणि मग भिंतीला म्हणायची, “झटकून आणायची पद्धत नाही काही लोकांना. सगळी माती आत.”

तिसऱ्या दिवशी जिना चढवेना, म्हणून मी माझं अंथरूणही सातवी ‘ब’मध्ये टाकलं. चौथ्या दिवशी हातमोजे फाटले. शिवाय मोजे घालून तिला उठवता-बसवता येत नव्हतं. तिला संडासला न्यायचं, पाठ पुसायची, प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायची सुई घालून खाजवायचं. तिच्या केसांत जटा झाल्या होत्या, त्या तेल लावून सोडवल्या. ती डोकं थोडं मागं टेकवून बसली होती. तिच्या लग्नात मीच तिची वेणी घातली होती. तेव्हा केस गुडघ्यापर्यंत होते. आता मुठीत मावले.

“पांढरे झाले की गं,” मी म्हणाले.

“डांबर असता तर म्हणाले असते, काळे कुणाचे राहिलेत,” ती म्हणाली. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की डांबर खोलीत नव्हता, ती माझ्याशीच बोलली होती.

आता विज्ञानाच्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं. एका खोलीत सहा दिवस दोन माणसं. एकच तांब्या, एकच टॉवेल, एकच तेलाची वाटी. पण मी इतकी चिडलेली होते, जिन्यावर, तिच्यावर, शकूच्या साबणावर, की मूळ प्रयोगाकडंच माझं लक्ष नव्हतं. पोरांना हेच मी ओरडून सांगायची, प्रयोग करताना आपण स्वतः कुठं उभे आहोत ते आधी बघा.

नवव्या दिवशी सुजय गाडी घेऊन आला. ओजसनं यंत्र वर आणलं. माझा हात, विमलचा हात, खालून आणलेला डांबरच्या पंजाचा बोळा. चाळीस मिनिटं आम्ही यंत्राकडं बघत बसलो. शकू दारात, बाजीअण्णा खिडकीत. चिठ्ठी बाहेर आली तेव्हा ओजसनं ती दोनदा वाचली.

“विमल, शालन, डांबर,” तो म्हणाला. “त्र्याहत्तर टक्के. एकच घर.”

“कोण म्हणतं?” विमल ओरडली.

“यंत्र, मावशी. आणि मे महिन्यात पूररेषेतल्या घरांचे जे नमुने घेतले होते ते मी आत्ता काढून बघितले. तुमच्या दोघींच्या उंबऱ्यांची छाप तेव्हाच चव्वेचाळीस टक्के एक होती. भिंत मध्ये होती, पण डांबर इकडून तिकडं नेत होता.”

शकू दारातूनच म्हणाली, “म्हंजे बावीस वर्सं निम्म्या एकत्रच की!”

सुजयनं चिठ्ठी हातात घेतली. “म्हणजे आई एकटी राहत नाही?”

“कायद्यानं नाही.”

“मोठी आई, तू राहशील तिच्याबरोबर? खरंच?”

मी तोंड उघडलं तोच ओजस म्हणाला, “एक अडचण आहे.” त्याचा आवाज बदलला होता. “एका चिठ्ठीत एकच घर क्रमांक येतो. दुसरं घर मग कुणाच्याच चिठ्ठीत नाही.”

म्हणजे नदीला परत.

“अपील करता येईल,” तो घाईनं म्हणाला. “महिनाभर वेगवेगळं राहायचं, परत नमुना द्यायचा. पण डांबरचे एकवीस दिवस उद्या भरतात. आणि त्याला आता एकट्या कुणाच्या नावावर लावता येत नाही.”

सुजयनं गाडीची किल्ली खिशातून काढून परत खिशात घातली. विमल भिंतीकडं बघत होती. ती तिचं घर सोडायला तयार झाली नसती, आणि मीही तसं म्हणू दिलं नसतं.

माझं घर चौऱ्याण्णव साली यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. गवंड्याशी भांडून स्वयंपाकघरातला ओटा चार इंच उंच केला, का तर उंच ओटा फॅशनचा. माझी उंची किती, हे विचारायचं राहून गेलं. सत्तेचाळीस वर्षं मी पाटावर उभी राहून स्वयंपाक केला आणि रोज त्यांना बोल लावला. ते गेल्यावरही लावला. त्या ओट्याशी भांडल्याशिवाय माझी सकाळ होत नव्हती.

“पेन द्या,” मी म्हणाले.

एकशे अठरावर काट मारली. एकशे सतरा ठेवला. तो विमलचा. भराभर उरकलं, कारण आता थांबले तर जमणार नाही हे मला माहीत होतं.

विमलनं मान वळवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

“हे काय केलंस आक्का?”

“फॉर्म भरला.”

“दादांनी बांधलेलं घर ते.”

“ओटा उंच होता.”

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं रडणार. पण ती विमल होती. “मी बोलत नाही हं तुझ्याशी,” ती म्हणाली. “आपण नुसतं राहणार आहोत. आत्ताच सांगते.”

“बोलू नकोस.” मी पुढच्या रकान्यात लिहायला लागले.

“काय लिहितेस?”

“कुटुंबप्रमुख. तुझं नाव.”

“माझं कशाला? मी धाकटी.”

“घर तुझं. आणि प्रमुख व्हायला बोलावं लागत नाही.”

ओजसनं खाकरून विचारलं, “बाई, ती आळीतली सात कुत्री अजून तुमच्या नावावर आहेत. ती या चिठ्ठीत घेऊ का?”

“सात?” विमल ताडकन उठायला गेली आणि प्लास्टर आपटून परत बसली. “माझ्या ओसरीत सात?”

“डांबर धरून आठ,” मी म्हणाले. “बाजीअण्णाला विचार, तो म्हणतो तांबडा त्याचा नाही.”

खिडकीतून बाजीअण्णाचं डोकं नाहीसं झालं.

“घ्या,” विमल ओजसला म्हणाली, अगदी प्रमुखासारखी. “पण भाकरी मी करणार. हिच्या भाकरीला कड नसते.”

दोन दिवसांनी आम्ही ट्रॅक्टरनं खाली आलो. भिंतीवर अजून पाण्याची रेघ ओली होती. सुजयनं चूल मांडून दिली. विमल पाटावर पाय लांब करून बसली आणि सोळा भाकऱ्या थापल्या. आठही जण ओसरीत रांगेनं बसले होते. पलीकडं माझ्या घराला लाल रंगात फुली मारलेली दिसत होती. मी तिकडं पाठ करून बसले.

भाकरी बोटभर जाड होती. आत कच्ची. कुत्र्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. विमल माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी दुसरी मागितली.